नादपारख्याचा गुरू

नादपारख्यानं लाल दिवा लावला, तेव्हा डॉ. अवंती खासनीस आधी दिव्यावरच खेकसल्या. कोल्हापूरच्या या प्रयोगशाळेत ते यंत्र त्यांनीच घडवलं होतं. पेट्रोलबंदी झाल्यापासून जुनी मोटारसायकल रस्त्यावर ठेवायची, तर तिच्या इंजिनाचा आवाज नादपारख्यानं पास करावा लागे. तीनदा नापास झालेली गाडी सरळ चेपणयंत्रात जाई. कित्येक मालक इथून रडत गेले, बाईंनी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज चौथऱ्यावर त्यांच्याच वडिलांची गाडी उभी होती, एकोणीसशे बासष्टची. वडील गेल्यावर त्यांची आठवण म्हणून बाईंनी जिवापाड जपलेली ही एकच वस्तू होती.

"मी स्वतः ट्यून केलीय," त्या म्हणाल्या. "पुस्तकातल्या मापानं. केसभर फरक नाही."

"म्हणूनच नापास," सहकारी डॉ. प्रभुदेसाई चष्मा पुसत म्हणाले. "यंत्रानं पुस्तक वाचलेलंच नाही. मुजावर मिस्त्रींनी 'बरोबर' म्हटलेली अकरा हजार इंजिनं आपण त्याला ऐकवली. बरोबर म्हणजे काय, ते तेवढ्यावरूनच शिकलं."

"उद्यमनगरातला तो ग्रीसचा गोळा! त्याचा फक्त कान घेतला होता, अक्कल माझी आहे."

"कानाचंच सांगतोय." त्यांनी पडद्यावर आलेख आणला. "पास झालेल्या प्रत्येक गाडीत, सेकंदाला सहा हजार कंपनांच्या वर, एक बारीक टिकटिक आहे. झडपा उघडणाऱ्या सैल टॅपेटची. मिस्त्रींना त्या पट्टीतलं ऐकूच येत नव्हतं, म्हणून ती त्यांनी कधी काढली नाही. यंत्राला वाटतं, निरोगी इंजिन टिकटिकतंच. तुमचं टिकटिकत नाही."

"तो बहिरा आहे हे कोणाला ठाऊक होतं?"

"तुम्हाला. श्रवणयंत्र तुम्हीच दिलंत की."

दिलं होतं खरं. गेल्या वर्षीच्या सत्कारात शाल-नारळाबरोबर ते मिस्त्रींच्या हातात कोंबून बाई माइकवर म्हणाल्या होत्या, "आता निदान माझं भाषण तरी ऐकू येईल!" सभागृह हसलं होतं. बहिऱ्याला हसणाऱ्या या विदुषीला, आपल्या यंत्राचा गुरू बहिरा आहे, एवढा साधा हिशेब सुचला नव्हता.

बाईंनी मग स्वतःच टॅपेट सैल केला. पण कुठवर सैल सोडायचा हे मिस्त्रींच्या बहिरेपणानं ठरवलेलं. त्याचं माप कुठल्या पुस्तकात असणार? दुसऱ्यांदा लाल दिवा लागला. तेव्हा बाई नाक मुठीत धरून उद्यमनगरात गेल्या.

इलाही मुजावरांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाजवळ लावली. दुसऱ्या कानात बाईंनीच दिलेलं श्रवणयंत्र होतं.

"टॅपेट वाजतोय," ते म्हणाले. "घट्ट करतो."

"नको! वाजू दे. तुम्ही पूर्वी ठेवायचात तसाच ठेवा."

"न्हाई जमायचं, मॅडम. हे कानात घातलं आणि जन्मभर काय घाण करून ठेवलीय ते ऐकलं. दोन दिवस जेवलो न्हाई. आता माझ्या हातनं वाजता टॅपेट भाईर जाणार न्हाई."

"घट्ट केलात तर नादपारखी नापास करेल. ही शेवटची संधी आहे, मिस्त्री. वडिलांची गाडी आहे."

"मग यंत्र दुरुस्त करा की."

यंत्र दुरुस्त करायचं म्हणजे आजवर नाहक चेपलेल्या धडधाकट गाड्यांचं काय, ते बाईंना सांगावं लागणार होतं.

मुजावरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं वाकडं तोंड फक्त बाईंनी केलं होतं. आज ते मिस्त्रींनी केलं. "सांगायची लाज वाटतीया व्हय?"

बाईंनी मान हलवली. खरंच वाटत होती.

"तुमच्या वडलांसाठी करतो. तुमच्यासाठी न्हाई."

त्यांनी श्रवणयंत्र काढून बाकावर ठेवलं आणि कामाला लागले. पाना पाव फेरा फिरला, थांबला, जरासा मागं आला. इंजिन टिकटिकू लागलं. बाईंना ते लख्ख ऐकू येत होतं.

"आता बरोबर," मुजावर समाधानानं म्हणाले. हात पुसून त्यांनी श्रवणयंत्र उचललं आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं.

"हे घेऊन जावा. तुमच्या यंत्राच्या कानात घाला."