आक्काच्या शेतातला काळा चौकोन

"चोर आज पकडायचाच!" रुचिका म्हणाली आणि भावेशच्या पोटात पुन्हा दुखलं.

ही त्याची ठाण्याची मामेबहीण. राहनाळला सुट्टीला येऊन चार दिवस झाले नाहीत, तर जो तो हिचंच कौतुक करतोय. मोबाइलवर उपग्रहाचे फोटो काय उघडते, हिरवं कुठे वाढलं नि कुठे घटलं ते काय सांगते! शेजारचा मितेश, भावेशचा पहिलीपासूनचा दोस्त, तोही तिच्याच मागे मागे. भावेशला कुणी पाणीसुद्धा विचारेना.

गोदामांच्या मधोमध उरलेल्या आक्काच्या, म्हणजे भावेशच्या आत्याच्या, भातशेतात फोटोत एक काळा चौकोन दिसत होता. कुणीतरी इथे चोरून भंगार आणून जाळतंय, असा रुचिकाचा तर्क. मितेशला तो लगेच पटला. बांधावर पाळत ठेवायची ठरली.

भावेशला आतून हसू फुटत होतं. अहो, तो तर राब! पेरणीआधी रोपांच्या जागेवर शेण, पाला पसरून ती भाजतात. चैत्रात आक्काबरोबर त्यानेच भाजला होता. पण तो अवाक्षर बोलला नाही. बसू दे उन्हात, होऊ दे फजिती.

दुपारभर तिघं झाडाखाली बसली. चोर कसला येतोय! आला तो पाहणीवाला साहेब. उपग्रहाचे फोटो बघून त्याने गोदामांच्या वाहनतळासाठी गावातल्या नापीक जमिनींची यादी केली होती. शेतात पाऊल न टाकता त्याने बांधावरूनच आक्काला हाक मारून सांगितलं, चार वर्षांत हिरवळ गेलीय, वर कचरा जाळलाय. जमीन गावकीची, आक्काचं घर ती फक्त कसत होतं. उद्या ग्रामसभेत यादी मंजूर झाली की इथे ट्रक उभे राहणार होते.

"बियाणं भरून ठेवलंय रं मी," आक्का म्हणाली.

भावेशला स्वतःचीच लाज वाटली.

"तो राब आहे," तो रुचिकाला म्हणाला. "मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझी जिरावी म्हणून गप्प बसलो."

रुचिकाचे डोळे भरले. पण ती भांडली नाही. तिने साहेबाकडून फोटोंचा कागद मागून घेतला आणि दोघं त्यावर वाकली. जुना फोटो सप्टेंबरचा, नवा एप्रिलचा! भात कापल्यावर एप्रिलात हिरवं कुठून दिसणार, भावेशने विचारलं. रुचिकाने चारही वर्षांचे सप्टेंबरचे फोटो काढले. शेत दरसाल हिरवंगार होतं.

दुसऱ्या दिवशी, एक मेच्या ग्रामसभेत, रुचिकाने फोटो दाखवले, भावेशने राबाची, नुसत्या शेणापाल्याच्या राखेची माती टेबलावर ठेवली. साहेबाला चूक कबूल करावी लागली. आक्काचं शेत यादीतून निघालं. सरपंच चंद्राताईंनी रुचिकाची पाठ थोपटली आणि भावेशच्या पोटात परत दुखलं.

"राब भावेशने ओळखला," रुचिका लगेच म्हणाली. तो गप्प बसल्याचं तिने सांगितलंच नाही.

मग भावेशलाच राहवेना. त्याने सगळ्यांसमोर ते सांगून टाकलं. आक्काने आधी त्याचा कान पिळला, मग जवळ घेतलं.

"शाना हाय माझा. भातलावणीला हिला बोलाव. हिला येत न्हाय, तू शिकव."

"शिकवीन," भावेश म्हणाला. पण मनात आलंच, हिची रोपं आपल्यापेक्षा सरळ लागली तर?