वाळूकडची बाजू

सगळ्यांनी मिळून माझ्यामागं टुमणं लावलंय, म्हणून सांगतो. ज्यांनी सांगायला हवं ते तोंडात गुळणी धरून बसलेत, आणि बडबड्या ठरतो मी. मध्येच कुणी "हे कसं शक्य आहे" म्हणालं, तर उठून जाईन.

माझा थोरला भाऊ गेला आणि त्याची शिडाची छोटी होडी खाडीत नांगरावरच पडून राहिली. तळाला शेवाळाची दाढी आली, शिंपल्यांची खपली धरली. वहिनीनं तिच्याकडं पाहायचंही सोडलं. मग तिच्या लेकीला समोरच्या बेटावर नोकरी लागली. रोजचं जाणं-येणं.

"बाबांची होडी आहे की," लेक म्हणाली.

"आधी तळ बघू दे," वहिनी म्हणाली. "कुजका निघाला तर चुलीत घालीन, पण तुला त्यात बसू देणार नाही."

ओहोटीला होडी वाळूवर कुशीवर कलंडते. वर आलेली बाजू तेवढी साफ करता येते. वाळूकडची बाजू दुसऱ्या दिवशी, होडी दुसऱ्या कुशीवर घेऊन. थोरल्याची रीत अशी, की वहिनीनं बाहेरून खरवडायचं आणि साफ झालेल्या फळीवर लाकडी हातोडीनं एक ठोका द्यायचा. तो आत बसून त्या फळीला तळवा लावणार. फळी धड असली तर उलट टक् करणार, मऊ लागली तर नखानं ओरखडा काढणार. लग्न झाल्यापासून दोघांचं हे असंच. अख्खी ओहोटी एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, पण वहिनी म्हणायची, तेवढं बोलणं आमचं घरातसुद्धा होत नाही.

त्या दुपारी लेक रंग आणायला गेली होती. आभाळ राखेसारखं, वारा पडलेला, उघड्या पडलेल्या शेवाळाचा आंबूस वास. वहिनी एकटीच खरवडत होती. पहिली फळी साफ झाली. हात सवयीचा गुलाम. तिनं ठोका दिला.

आतून टक् आलं.

"भाऊजी, आलात होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, दात उपटून कण्हत पडला असाल."

पुढची फळी, ठोका. आतून टक्. वहिनीला बरं वाटायला लागलं. ती थोरल्याच्या कागाळ्या सांगू लागली. चहाच्या चमच्यानं रंग ढवळायचा, वर तोच चमचा धुऊन ठेवला म्हणून ऐट मारायचा. शिट्टी एकच यायची, तीही बेसूर. तिची पाठ दुखायची थांबली. फळ्या साऱ्या धड निघाल्या.

"त्यांच्यासारखं कुणाला जमायचं नाही," ती म्हणाली, "पण तुमचंही बरं चाललंय…"

शेवटच्या फळीनंतर हात पुसत ती आत चढली.

आत कुणी नव्हतं. बाकावर सुकलेल्या मिठाची पांढरी साय होती, कुठंही न मोडलेली.

आणि खालून ठोका आला. वाळूकडच्या बाजूनं. बाहेरून. जिथं होडी आणि वाळू यांच्यामध्ये बोटही शिरलं नसतं, तिथून.

थोडं थांबून पुन्हा आला. वाट बघितल्यासारखा.

"बसतेय…" वहिनी पुटपुटली. बसली. तळवा लावला. फळी धड होती. तिनं टक् केलं. खाली खरवडल्याचा आवाज पुढं सरकला, पुन्हा ठोका. फळीमागून फळी दोघं सुकाणूपर्यंत गेली. तिथं एका फळीला तळवा लावला, तर लाकूड भिजल्या पावासारखं. तिनं नखानं ओरखडा काढला…

मग ठोका आलाच नाही. लेक आली तेव्हा भरतीचं पाणी होडीला लागलं होतं, आणि वहिनीचा तळवा अजून फळीवरच होता, तोंडानं पुटपुटणं चालू.

"आई, कुणाशी बोलतेयस?"

"तुझ्या काकांशी."

"काका घरी आहेत. आत्ताच बघून आले. तोंडाचा भोपळा झालाय."

"मग गप बस."

हे सगळं वहिनीनं पुढं माझ्या बायकोपाशी ओकलं, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी होडी फिरवायला मीही गेलो, गालाला फडकं बांधून. वाळूकडची बाजू वर आली. लख्ख. एक शिंपलं नाही. फक्त सुकाणूजवळच्या एका फळीवर सगळं जसंच्या तसं. मऊ फळीवर खरवडायचा पत्रा चालवायचा नसतो, कधीकधी तो शिंपल्यांचा थरच पाणी अडवून असतो. थोरला कानीकपाळी ओरडून सांगायचा. मी टोच्या लावून पाहिला. मुठीपर्यंत आत गेला.

वहिनीनं चारचौघांत मलाच धारेवर धरलं. "गेलेल्या माणसाची नक्कल करता? लाज नाही वाटत?"

"वहिनी, होडीखाली शिरायला मी काय खेकडा आहे?"

तिनं मान फिरवली.

फळी बदलली. लेक आजही त्याच होडीनं जाते-येते. दर वर्षी आम्ही होडी कलंडवतो, वर आलेली बाजू खरवडतो, मग वहिनी आम्हाला घरी पिटाळते आणि आत जाऊन बसते. वाळूकडची बाजू आम्हाला आजवर कधी खरवडावी लागलेली नाही. लोक विचारतात तेव्हा ती माझ्याकडं बोट दाखवून सांगते, यांचंच काम. माझे गुडघे गेले, मी काठी धरून चालतो, तरी माझंच काम. मला असं खोटं पाडल्याची माफी जिनं अजून मागितलेली नाही, ती माझी थोरली वहिनी.