चौथ्या बाजूचं शेवटचं गाणं

कापूरबावडी नाक्यावरच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात हरिहर शिरला तेव्हा सगुणा वैती डबा खात होती. एप्रिलची भर दुपार. तिच्या तोंडात घास, आणि समोर छातीशी भलीमोठी रेकॉर्ड धरून उभा असलेला, घामाने निथळणारा एक उंच मुलगा.

"यावरून कॅसेट भरून मिळेल?"

तिने मानेनेच हो म्हटलं. त्यावर तो असा काही हसला की घास गिळायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"सुटलो! आमच्या डोंबिवलीतली सगळी दुकानं पालथी घातली. कोणाकडे रेकॉर्ड प्लेअरच नाही आता. एक जण म्हणाला, भिंतीवर टांगा, छान दिसेल."

"आमच्या अण्णांनी ठेवलाय," सगुणा म्हणाली. "जुनं काही टाकवतच नाही त्यांना. मलाही म्हणूनच ठेवलंय बहुतेक."

अण्णा म्हणजे दुकानाचे मालक. दुपारी ते घरी झोपायला जात, आणि मग संध्याकाळपर्यंत दुकानावर सगुणाचं राज्य असे. तिने हात धुतले, कोरडे केले आणि रेकॉर्ड हातात घेतली. कव्हरवर तीन गोरी पोरं, तेल लावून कपाळावर उभे केलेले केस. त्यातल्या एकाने स्वतःएवढं व्हायोलिन मिठीत धरलं होतं.

"कोण ही ध्यानं?"

"लॅम्पपोस्ट बॉईज. इंग्लंडचे. आपल्या बापांच्या वेळचं ते जुनं रॉक अँड रोल असतं ना, ते यांनी ऐंशी साली पुन्हा उकरून काढलं. गेल्या वर्षी बँड बंद झाला. पहिल्यापासून शेवटपर्यंतची निवडक गाणी आहेत यात... दोन रेकॉर्डी, चार बाजू, सगळं सालाच्या क्रमाने." तो एका दमात बोलला. "माझा थोरला भाऊ बोटीवर आहे, पोपटदादा. त्याने लिव्हरपूलहून आणली."

'बोटीवर' या शब्दाशी सगुणाचा हात क्षणभर थांबला. पण तिने सुई ठेवली.

आणि दुकान दणाणलं. गिटारच्या मागे ते मोठं व्हायोलिन तारा ओढून सोडत होतं, तार लाकडावर आपटत होती — ठाक-ठक, ठाक-ठक. सगुणाची बोटं आपोआप काउंटरवर चालू लागली.

"अरे, हा तर आमच्या हळदीतला ठेका! बाळकुमला येऊन बघा, आमचे गुणाजीकाका ढोलाच्या कडेवर अस्संच मारतात."

"बोलावणं समजू का हे?"

"हळद कोणाची असेल त्याला विचारा," ती म्हणाली आणि उगाचच कॅसेट पुसायला लागली.

चार बाजू भरायला खरं तर एक दुपार पुरे. पण मानपाड्याच्या कंपन्यांना शुक्रवारची सुट्टी, मूळचा घाटावरचा हरिहर तिथल्याच एका कंपनीत फिटर, आणि त्याच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नाही. तेव्हा दर शुक्रवारी एकच बाजू ऐकायची आणि तेवढीच भरायची असं ठरलं. कोणी ठरवलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. विचारलं तर 'मधेच वीज जाते हो' म्हणून दोघं मोकळे झाले असते.

पहिल्या शुक्रवारी ती 'तुम्ही' म्हणाली. दुसऱ्या शुक्रवारी तो येताना कलिंगड घेऊन आला, आणि फोडताना त्याचं बोट कापलं. "अरे, तुला साधी सुरी धरता येत नाही, आणि म्हणे फिटर!" ती ओरडली. बोटाला चिंधी बांधून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की 'तुम्ही' गेलं. रेकॉर्ड वाजतच होती.

तिसऱ्या बाजूला सगुणाने मान वर केली.

"तो ठेका कुठे गेला?"

हरिहरने कव्हरच्या आतलं बारीक अक्षरातलं वाचून दाखवलं. ते मोठं व्हायोलिन वाजवणारा बाकीच्या दोघांशी भांडला आणि निघून गेला. एका बोटीवर कामाला लागला. कैक वर्षं हे दोघे त्याच्याशिवाय वाजवत राहिले. अगदी शेवटच्या गाण्याला मात्र तो परत आला. चौथ्या बाजूचं शेवटचं गाणं.

"बरं झालं," सगुणा म्हणाली. "आला तरी."

"सगुणा..." त्याने कव्हर मिटलं. "मीपण चाललोय. पुढच्या महिन्यात. दादाच्याच बोटीच्या कंपनीत, इंजिन रूमला. दहा महिने. म्हणून तर कॅसेट हवी होती, बोटीवर रेकॉर्ड प्लेअर कोण नेणार?"

सगुणाने सुई उचलली. गाणं मध्येच तुटलं.

"पुढच्या शुक्रवारी कॅसेट तयार असेल," ती म्हणाली. "चौथी बाजू मी भरून ठेवीन. तुम्ही बसायची गरज नाही."

सगुणाचे वडील धाकू वैती तसे खाडीतलेच कोळी. पण खाडीचं पाणी कंपन्यांनी नासवलं, मासळी हटली, तेव्हा ते वसईच्या एका नाखव्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. सगुणा आठवीत असताना ती बोट वादळात सापडली. दोन माणसं परत आली, त्यांत धाकू नव्हते. तेव्हापासून नारळी पुनवेला बाळकुमच्या घराघरांतून खाडीला नारळ जाई, तो फक्त सगुणाच्या आईच्या, आवडाबाईच्या घरातून जात नसे. दर्याला द्यायचं ते देऊन झालंय, असं ती म्हणे. पोरगी कॅसेटच्या दुकानात कामाला लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. तिथे पाणी फक्त माठात होतं.

त्या संध्याकाळी सगुणा जेवली नाही. आवडाबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं.

"कोन हाय त्यो?"

सगुणाने सगळं सांगितलं.

"घाटावरचा मानूस, सात पिढ्यांनी दर्या बघितला नाय, आन त्योच दर्याव चाललाय?" आवडाबाईने तिचं ताट झाकून ठेवलं. "मना इचारू नको, सगुणा. मी हो बोलनार नाय."

शुक्रवारी हरिहर आला तो दाढी न करताच.

"तू नको जाऊ म्हण," तो म्हणाला. "एकदा म्हण, मी नाही जात. मला तू हवी आहेस, सगुणा. बोट काय, पुन्हा मिळो न मिळो."

हेच ऐकण्यासाठी ती आठवडाभर झुरली होती. शब्द तिच्या ओठांवर होता. पण दादाच्या बोटीच्या इंजिनाबद्दल बोलताना त्याचे डोळे कसे होतात ते तिने तीन शुक्रवार पाहिलं होतं.

"मी म्हटलं तर तू राहशील रे. आणि मग जन्मभर खाडीकडे तोंड करून बसशील. तसला नवरा नको मला."

"नवरा?" तो म्हणाला.

ती लाजली नाही. तिने कॅसेट पुढे केली.

"यात शेवटचं गाणं नाहीये."

"टेप कमी पडली?"

"टेप पुरत होती. मीच सुई उचलली." तिने कॅसेट उलटी करून पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन बारक्या टिकल्या दाखवल्या. टिकली मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही; गिऱ्हाइकाला देण्याआधी ती नेहमी दोन्ही मोडायची. आज एकच मोडलेली होती. "इथे जागा ठेवलीय. तो परत आला असं कव्हरवर लिहिलंय, पण मी ऐकलेलं नाही. तूसुद्धा ऐकायचं नाहीस. ते इथे येऊन ऐकायचं."

हरिहरने रेकॉर्ड तिच्याकडेच ठेवली. जाताना तो 'जातो' म्हणाला नाही, 'येतो' म्हणाला. तसं सगळेच म्हणतात. सगुणाला मात्र त्या दिवशी तो शब्द फार मोठा वाटला.

श्रावणात नारळी पुनवेच्या सकाळी ती उठली तर आई उंबऱ्यात बसून नारळाला हळदीकुंकू लावत होती. सगुणा बघत राहिली.

"बघतस काय?" आवडाबाई म्हणाली. "लुगडं नेस. जाऊ खाडीव."

मायलेकी खाडीवर गेल्या. आवडाबाई नारळ सोडू लागली, तेव्हा सगुणाने तिचा हात खालून धरला.

जानेवारीत आखातात युद्ध पेटलं. हरिहरची बोट त्याच बाजूला होती. अण्णा दुकानात रेडिओ लावत, आणि बातम्या सुरू झाल्या की सगुणाकडे बघून बंद करत. मार्च आला तसा गेला. दहा महिने होऊन गेले. सगुणा रोज त्या रेकॉर्डवरची धूळ पुसत होती; एकदाही तिने ती वाजवली नाही.

एप्रिलच्या एका दुपारी ती डबा उघडून बसली होती.

"यावरून कॅसेट भरून मिळेल?"

तो वाळला होता, काळवंडला होता. हातात तीच कॅसेट.

"उशीर केलास," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

"बोट अडकली होती. सगुणा, ते गाणं लाव."

तिने त्याची कॅसेट डेकमध्ये घातली, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि चौथ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई ठेवली. गिटार सुरू झाली. मग आवाज. एक कडवं झालं, तरी नुसती गिटार आणि आवाज. सगुणाचा चेहरा उतरला.

"नाहीच आहे तो," ती पुटपुटली. "खोटं लिहिलंय."

"थांब जरा."

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गिटार थबकली... आणि आतून कुठूनतरी, दमून घरी आलेल्या माणसाने कडी वाजवावी तसा, तो आला. ठाक-ठक. ठाक-ठक. सगुणाने काउंटर घट्ट धरला. हरिहरने तिच्या हातावर हात ठेवला, आणि गाणं संपेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

"पुन्हा जाणार?" तिने विचारलं.

"जाणार. सहा महिन्यांनी. चालेल तुला?"

"नाही चालत." तिने डोळे पुसले. "पण आई म्हणते, आता दरवर्षी नारळ घ्यावा लागणार."

मग तिने डेकमधून कॅसेट काढली, पेचकस घेतला आणि राहिलेली टिकली मोडून टाकली.