जळगाव ते धुळे, नऊ मिनिटं

जळगावहून धुळ्याला रस्त्याने दोन-अडीच तास लागतात आणि मेघाच्या विमानाला अर्धा तास. मेघा माझी मुलगी, जळगावला विमान चालवायला शिकते. त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी धुळ्याला उतरणार होती, म्हणून मी वाटेवरच्या आमच्या एरंडोलहून सकाळीच गाडी काढली. "तू नऊला निघ, मी सातलाच निघतो, बघू कोण आधी पोचतं," असं तिला फोनवर चिडवलंही.

निघताना बायकोने, लताने, ज्वारीची ताजी भाकर फडक्यात बांधून दिली. लांबून कोणी सुखरूप आलं की त्याच्यावरून भाकर उतरवायची आणि तुकडे करून चार दिशांना टाकायचे, ही आमच्याकडची रीत. "पाय जमिनीले लागना की उतारी टाका," ती म्हणाली. "एक प्रवासले एकच भाकर ऱ्हास, ध्यानमा ठेवा."

नऊला मेघाचा फोन आला, निघते म्हणून. धुळ्याच्या धावपट्टीवर मी आणि तिचे शिक्षक जितेंद्र सर, दोघंच होतो. वारा पडला होता. तापलेल्या डांबराचा वास येत होता. चहा अर्धा झाला नाही तोच पांढरं विमान समोर येऊन थांबलं. आवाज कधी आला, मला सांगता यायचं नाही.

मेघा उतरली. "अर्धा तास लागना, आबा."

आनंदात माणूस घड्याळ बघत नाही. मी भाकर उतरवली, तुकडे टाकले. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात लताचा फोन. "पोरगी आत्ते आपला गच्चीवरतीन गयी. कबूल करेल व्हतं तसं पंख हालाडात तिनी."

मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून नऊ मिनिटं. एरंडोलवर यायला नऊ मिनिटं, हिशोब अगदी बरोबर होता. मग ही समोर नळाला तोंड लावून पाणी पिते ती...?

"सर, तुमच्या घड्याळात किती?"

"नऊ-नऊ." सरांचा चेहरा उतरला होता.

लताने दुसरंच विमान पाहिलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण सर म्हणाले, आज या वाटेवर दुसरं विमानच नाही. मेघा येऊन माझ्या शेजारी बसली.

साडेनऊला सरांच्या हातातला रेडिओ खरखरला. आवाज मेघाचा होता, थोडा दमलेला. धावपट्टी मोकळी आहे का, असं विचारत होता. सरांनी वर पाहिलं, आकाश कोरं होतं. मग त्यांनी समोरच्या विमानाकडे पाहिलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या मेघाकडे.

"काय... काय सांगू तिला?" त्यांनी मला विचारलं.

माझ्या आधी मेघाच हळू आवाजात म्हणाली, "सांगा सर... जागा नाही."

सरांनी बोलायचं बटण दाबलं आणि तसंच सोडलं. मग तोच आवाज आला.

"आबाले सांगा... भाकर टाकू नका. माले अजून येवानं शे."

माझ्या हातात रिकामं फडकं होतं.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, दुसरं विमान आलं नाही. शेजारी बसलेल्या मेघाला मी घरी आणलं. नाहीतर काय करणार होतो, तुम्हीच सांगा? ती नीट जेवते, हसते, मला चिडवते. लताला मी सगळं सांगितलं. तेव्हापासून ती रोज एक भाकर जास्त थापते आणि फडक्यात बांधून ठेवते.

कोणासाठी, हे मेघाने एकदाही विचारलेलं नाही.