वेताच्या खुर्चीचं चित्र

पहिल्यांदा खटकली ती खुर्चीची बैठक. सकाळी तिचं वेताचं विणकाम मधोमध दबलेलं होतं, धुरपदानं ते तसंच कागदावर काढलं. जेवून येऊन बघते तर वेत ताठ, सपाट.

ही गोष्ट सांगताना आनंदआप्पा इथं थांबून विडी पेटवायचे आणि अंगणातल्या पोरांना म्हणायचे, "हसायचं ते मागनं हसा. धुरपदा माझ्या चुलतभावाची पोर, न्हावऱ्याची. तिच्याच तोंडचं सांगतोय."

साल चौऱ्याहत्तर, दत्तजयंतीचा आदला दिवस. दौंडात रेल्वेलाइनीपलीकडे एका कंत्राटदाराचा बंगला होता. गोरे साहेब देश सोडून गेले तेव्हा त्यांचं लाकूडसामान त्यानं उचललं होतं: चार खांबांचा पलंग, वेलबुट्टीच्या चौकटीचा आरसा आणि ही सिंहाच्या पंजांची खुर्ची. त्याची बायको पार्वतीबाई दिवाळीत वारली नि मुलानं सगळं मुंबईच्या व्यापाऱ्याला विकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता. पुण्याचा एक प्रकाशक जुन्या फर्निचरवर पुस्तक काढत होता. या खोलीचं चित्र त्याला पसंत पडलं तर अख्ख्या पुस्तकाची चित्रं धुरपदाकडे. नाही तर शिरूरचं स्थळ. वडिलांनी तसं बजावूनच पाठवलं होतं.

तिनं दबलेला वेत खोडला, सपाट काढला. चहा पिऊन वळली, तर तो पुन्हा दबलेला. पुन्हा खोडरबर. दबलेला काढला की वेत वर, सपाट काढला की खाली. कागदाची लव उठायला लागली. आपली नजरच कच्ची, चार वर्षं कॉलेजात वाया घालवली, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला.

"जाईबाई, या खुर्चीवर बसला होतात का?"

बंगला सांभाळणारी जाईबाई दारातच थबकली. "म्या? मालकीणबाईंच्या खुर्चीवर? आवं, पोटच्या लेकाला बसू दिलं न्हाई त्यांनी. येका खुर्चीपायी किती जीव काढता? त्यापरीस माझं चित्र काढा. म्या हलायची न्हाई, फकस्त घोरंन."

"चेष्टा नको हो. माझ्या जन्माचा प्रश्न आहे."

"बरं बरं. भाकरी टाकते," म्हणत जाईबाई मागच्या स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात लाइट गेली. धुरपदानं कंदील लावला. बघते तर काय, सपाट काढलेला वेत पुन्हा खाली गेलेला! हातातली पेन्सिल तिनं इतकी दाबली की टोक मोडलं. डोळ्यांत पाणी आलं. कॉलेजात समोर माणूस बसवून चित्र काढायच्या तासाला जे म्हणायची सवय, तेच तिच्या तोंडून रागानं निघून गेलं.

"हलू नका हो आता! माझं होईपर्यंत अजिबात हलू नका!"

आणि वेत हलला नाही.

तिचा हात सुटला. दबलेल्या बैठकीची रेष एका दमात उतरली. पंजे जमले, आरशावरची वेल जमली. दिवसभर न जुळलेलं सगळं भराभरा जुळत गेलं. चित्र पुरं झालं. असं चित्र तिनं आजवर काढलं नव्हतं. तिनं कोपऱ्यात सही केली आणि खुशीत मान वर केली.

बैठक तशीच दबलेली.

कंदील घेऊन ती जवळ गेली. वेत करकरला. बारीक थरथरत होता... बसून बसून अंग अवघडलं की माणूस थरथरतं, तसा.

"जाईबाई..."

तिनं कान दिला.

"जाईबाई, अहो..."

भाकरी थापल्याचा आवाज बंद. दार पलीकडे. मधे खुर्ची.

"कुणी... कुणी आहे का?"

कंदिलाची वात फुरफुरली.

मग ओ आली. हाताच्या अंतरावरून. दमलेल्या बाईमाणसाची.

"हाय की. झालं का गं चित्र? पाठ अवघडली माझी... आता उठू का?"