कुलूप शांत माणसालाच उघडतं

सटुप्पा गावड्यानं बंदूक उचलली, की तानूबाई डुकरांकडं बघायचीच नाही. ती दस्त्यावरच्या दिव्याकडं बघायची. लाल. परत लाल. तिकडं डुकरांनी भुईमूग नांगरल्यासारखा उलथा केलेला आणि इकडं हा बाप्या घामाघूम होऊन लोखंडाशी भांडतोय.

राज्याचा नवा कायदाच तसला. परवान्याच्या प्रत्येक बंदुकीला शांतकुलूप. ते तळहातातून नाडी मोजायचं. नाडी धडधडली म्हणजे माणूस रागात, चाप बंद. नाडी संथ असली तरच हिरवा दिवा. सगळी नोंद थेट तालुक्याला. वर्षात तीनदा लाल दिवा, की बंदूक जमा.

"दोन झाले," सटुप्पा ओरडला. "डुक्कर अंगावर आल्यावर शांत कोण ऱ्हातंय? कायदा करणाऱ्याला आणून बांधा म्हणावं हितं!"

"वरडू नका. तिसरा हुईल."

तानूबाईला बीपी होतं. तिच्या औषधानं नाडी मंद होते, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. दुसऱ्या सकाळी तिनं त्यातली अर्धी गोळी मोडून नवऱ्याला चहाबरोबर दिली. तासाभरानं दिवा हिरवा. बार निघाला, डुक्कर आडवं.

असलं गावात झाकून राहतंय होय? महिन्याभरात एकेचाळीस बंदूकवाले तिच्या सोप्यात.

"वैनी, आमचं बी मन शांत करा की!"

"तुमचं मन तुमच्या बायकोला शांत करता आलं न्हाई, मला काय जमतंय," म्हणत ती हसून गोळी द्यायची. शेजारचा बाळकू नाईक तर अख्खी पट्टीच घेऊन गेला. रोज सकाळी रानात निघताना एक.

त्याच बाळकूनं सोमवारी बांधाच्या भांडणात चुलतभाऊ मारुतीला बार घातला. तानूबाई समोरच होती. बाळकूच्या तोंडाला फेस आलेला, शिव्या देऊन आवाज बसलेला. तसाच धावत घरात गेला, बंदूक घेऊन आला. दिवा हिरवा. सरकारी नोंदीत एवढंच: नाडी बासष्ट, मन शांत.

तिसऱ्या दिवशी फौजदार मॅडम जबाब घ्यायला आल्या. "रागाच्या भरात म्हणायला जागाच नाही," त्या म्हणाल्या. "थंड डोक्यानं केलेला खून. फाशी मागणार आम्ही."

बाळकूच्या बायकोनं, गोदूनं, तानूबाईचा हात घट्ट धरला. "काकू, तुमास्नी ठावं हाय. बोला की वो."

दारात सटुप्पा नुसती मान हलवत होता. नको. बोलली तर एकेचाळीस बंदुका जमा होणार, भात पोटरीला आलेलं, आणि डुकरांना रान मोकळं.

"मॅडम, बाळकू शांत नव्हता," तानूबाई म्हणाली. "नुसती नाडी शांत हुती. ती मी केलेली."

"घर बुडीवलंस, रांडे!" सटुप्पा किंचाळला. गोदू मटकन खाली बसून रडायला लागली.

तानूबाईनं औषधाचं सगळं सांगितलं. मॅडम लिहीत गेल्या. मग त्यांचं पेन थांबलं.

"मावशी, त्या दिवशी त्यानं ते औषध घेतलं नसतं तर?"

गोदूचं रडणं थांबलं. भिंतीपलीकडं मारुतीची म्हातारी आई दोन दिवस नुसती कण्हत होती, ते आता सगळ्यांनाच ऐकू आलं.

"दिवा लाल राहिला असता," मॅडम हळूच म्हणाल्या. "हेही लिहू का?"