स्विच मागतो ते

काम तसं चुटकीसरशी होणारं होतं. बंद पडलेल्या प्रसूतिगृहाच्या तळघरात नेटवर्कचा एक जुना स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, अजून चालू होता. त्याच्यातली सेटिंग्जची फाईल लॅपटॉपवर उतरवून घ्यायची आणि तो कायमचा बंद करायचा. भर दुपारी ती जिना उतरली, तर खाली ओल्या चुन्याचा आणि जुन्या औषधांचा वास कोंडून राहिलेला.

स्विचने पाठवलेली फाईल घ्यायला लॅपटॉपचा सर्व्हर करताना त्याला वेगळा, रिकामा फोल्डर नेमून द्यायचा असतो. कारण हा सर्व्हर पासवर्ड विचारत नाही. जो मागेल त्याला देतो. पण तान्ह्या लेकीला सासूबाईंकडे सोडून आलेली, सगळा जीव तिकडे. घाईघाईत तिने अख्खा फोल्डरच उघडा ठेवला, लेकीच्या व्हिडिओंसकट. ना धड आई, ना धड इंजिनियर, असं पुटपुटत तिने केबल जोडली.

स्विचकडून फाईल यायला हवी होती. पडद्यावर उलटंच उमटलं. स्विचच मागत होता: ‘पहिलं हसू’. तिने काढलेला लेकीचा व्हिडिओ. बघता बघता गेलाही.

एवढ्याशा डब्यात व्हिडिओ मावेल तरी कुठे, म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. पोर नुसती टक लावून बघतेय, गुदगुल्या केल्या तरी हसत नाही, असं त्या सांगू लागल्या.

पडद्यावर पुढची ओळ सरकली. ‘अंघोळीचं रडणं’.

“आई, तिला रडवा,” ती कशीबशी म्हणाली. “चिमटा काढा हवं तर...”

“अगं, काय बोलतेस हे?” मग अगदी हळू, “काढला गं... तोंड उघडतेय. पण आवाजच येत नाहीये...”

तिने केबल उपटली. स्विचची वायर भिंतीतून ओढून काढली. त्याचा हिरवा दिवा लुकलुकतच राहिला. त्या थंड पत्र्याला कपाळ टेकून ती म्हणाली, माझं काय हवं ते घे. पण तिचं स्वतःचं त्याला काहीच नको होतं.

पडद्यावर आलं: ‘श्वास’.

अशी फाईल तिने कधी केलीच नव्हती. तिने सगळा फोल्डर धुंडाळला. नव्हतीच. जे नाही ते सर्व्हर देणार कुठून? तिला हुंदका फुटला.

तरी फाईल जाऊ लागली. हळू... थोडी जायची, थांबायची. पुन्हा थोडी जायची, थांबायची. आणि दर खेपेला थांबणं जरासं लांबत होतं.